एकच खुराडं

आमच्या घरमालकांना शनिवार पेठेत सगळे सुभेदार म्हणत. ते कधीच सुभेदार नव्हते. एका सरदारांच्या पदरी शिलेदार होते, आणि गुडघ्यानं दगा दिल्यावर घोड्यावरून उतरले ते कायमचेच. पण साधं पाणी मागतानासुद्धा ते असा हुकूम सोडत, की त्यांना नुसतं शिलेदार म्हणायला लोकांची जीभ रेटत नसे. हे नाव त्यांनी कधी नाकारलं नाही आणि मिरवलंही नाही. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माणसाला लोक काहीतरी म्हणतातच. याहून वाईट म्हणाले असते."

मी तेव्हा श्रीमंतांच्या फरासखान्यात तंबू शिवायला होतो. नवीन लग्न झालं होतं आणि कसब्यातली खोली दोघांना पुरेना, म्हणून सुभेदारांच्या परसातल्या खोल्या पाहायला गेलो. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, जातही विचारली नाही. पुण्यात हे तिन्ही न विचारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "कोंबड्या आहेत?"

बायको वारज्याची. माहेराहून येताना तिनं चार कोंबड्या आणि एक कोंबडा डालग्यात घालून आणला होता, आणि माझ्याहून त्यांच्याशी तिचं जास्त जमत होतं. नदीकडच्या टोकाला असलं तरी हे शनिवार पेठेतलं घर. तिथं कोंबडीचं नाव काढणंही धाडसाचं, म्हणून मी आवाज खाली आणून म्हणालो, "आहेत. पण त्रास होणार नाही. वेगळं खुराडं बांधून घेऊ."

"मग खोली नाही," सुभेदार म्हणाले आणि आत निघाले.

त्यांचं म्हणणं कळायला मला थोडा वेळ लागला. त्यांना कोंबड्यांची अडचण नव्हती, अडचण होती वेगळ्या खुराड्याची. त्यांच्या घरात जो राहील त्याच्या कोंबड्या त्यांच्याच कळपात राहणार, त्यांच्याच दांडीवर झोपणार आणि त्यांच्याच अंगणात दाणा खाणार, ही भाड्याआधीची अट होती. ती मला सोपी वाटली. मग मी त्यांचा कळप पाहिला.

सुभेदारांकडे असील होते. उंच, ताठ मानेचे, छातीवर पिसं कमी आणि रग जास्त. ही जात झुंजीसाठीच पाळतात. शहाणे लोक असा एकेक कोंबडा पायाला दोरी बांधून वेगवेगळ्या डालग्याखाली ठेवतात, कारण दुसरा कोंबडा दिसला की तो त्याचा जीव घेतो किंवा आपला देतो. सुभेदारांच्या अंगणात ते मोकळे फिरत होते. सोबत साध्या गावठी कोंबड्या, त्यांची पिल्लं आणि कुणीतरी सोडून दिलेलं एक बदक. बदक सगळ्यांच्या मधून निवांत चाललं होतं.

"हे भांडत नाहीत?" मी विचारलं.

"झुंजीची जात वेगळी बांधली की फुकट जाते," ते म्हणाले. "दिवसभर एकट्यानं बसलेला कोंबडा दुसरं काय करणार? भांडणाचाच विचार करणार."

"माणसाचंही असंच असेल, नाही?"

"माणसाचं मला ठाऊक नाही. मी माणसं पाळलेली नाहीत."

असीलांची पहिली कोंबडी त्यांनी मोहिमेवरून आणली होती. निजामाच्या मुलखातून परतताना बाकीच्या स्वारांनी शेले आणले, तांब्याची भांडी आणली. सुभेदारांनी खोगिरामागे टोपली बांधून कोंबडी आणली, आणि वाटेत तिनं दिलेलं प्रत्येक अंडं स्वतःच्या पागोट्यात सांभाळलं. त्यांची बायको दारात ओवाळायला उभी होती, तिला त्यांनी आधी पागोटं धरायला सांगितलं म्हणे. त्या माउलीला मी पाहिलं नाही, ती आमच्या आधीच गेली होती. पण तिच्याविषयी बोलताना सुभेदार एवढंच म्हणत, "एकही अंडं फुटू दिलं नाही तिनं." त्यांच्या तोंडून कुणाची याहून मोठी स्तुती मी ऐकली नाही.

आमच्या कोंबड्या कळपात घ्यायच्या दिवशी सुभेदारांनी माझ्या बायकोकडे चुलीतली राख मागितली. एकेक पक्षी काखेत धरायचा आणि तुऱ्यापासून शेपटीपर्यंत राखेनं माखून काढायचा. आमचे माखले, त्यांचे माखले, बदकही माखलं. मग दिवेलागणीला सगळ्यांना एका दांडीवर शेजारीशेजारी बसवलं. सकाळी उठल्यावर कोण जुनं आणि कोण नवं हे कुणालाच कळेना. आमचा वारज्याचा कोंबडा दोन असीलांच्या मध्ये बसून आरवला आणि त्याला कुणी काही बोललं नाही. बायको दारातून बघत होती. म्हणाली, "ह्यो म्हातारा येडा हाय. पर त्याचं काम येड्याचं न्हाई."

त्यांची बाकीची व्यवस्था छावणीतली होती. दाणा कधी एका जागी टाकायचा नाही, अंगणाच्या प्रत्येक कोपऱ्यात थोडाथोडा टाकायचा. पायांचे काटे चिंध्यांनी बांधून ठेवायचे. आणि अंगणभर पडदे. सुभेदारांचा सगळा भर या पडद्यांवर होता. "भांडण चोचीत नसतं, नजरेत असतं," ते म्हणत. "नजर अडवली की पुढचं सगळं अडतं." फरासखान्यातून फाटकी म्हणून टाकलेली राहुट्यांची कापडं मी त्यांना आणून देई. ती बांबूंवर ताणून त्यांनी अंगणाचे असे कप्पे पाडले होते, की हरलेल्या कोंबडीला चार पावलांत कुठंतरी आडोसा सापडावा. आम्हाला मात्र स्वतःच्या दारापर्यंत पोहोचायला वळणं घ्यावी लागत. पाहुणे चुकत. माझे सासरे एकदा बराच वेळ बदकाबरोबर फिरत होते.

सुभेदार कोंबड्यांशी अहोजाहो करत आणि घरातल्या माणसांशी अरेतुरे. "आपण जरा बाजूला होता का?" हे खुडूक बसलेल्या कोंबडीला, आणि "बाजूला हो रे," हे मला. शेजारच्या शास्त्रीबुवांना हे फार लागे. एकदा मोठी असील कोंबडी पिल्लं घेऊन त्यांच्या अंगणात गेली आणि वाळत घातलेल्या सोवळ्यावरून चालत आली. शास्त्रीबुवा तक्रार घेऊन आमच्या दारात आले. कोंबडीला वाटलं, पिल्लांवर आले. ती सरळ त्यांच्या तोंडावर उडाली. शास्त्रीबुवा त्यांच्या वयाला न शोभेल इतक्या चपळाईनं ओट्यावर चढले आणि तिथूनच बोलू लागले.

"अहो सुभेदार, आपल्या कोंबडीला ब्राह्मण कळत नाही का?"

"नाही कळत."

"मग शिकवा!"

"परवा तिनं कोतवालाच्या शिपायालाही असंच ओट्यावर चढवलं. ती भेदभाव करत नाही, शास्त्रीबुवा. आपण उतरा, मी पडदा धरतो."

सुभेदारांनी खरोखर राहुटीचा पडदा आडवा धरला आणि शास्त्रीबुवा त्याच्या आडून घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या अंगणाला कुंपण घातलं. पुढं रोज दोघं एकमेकांशी कुंपणावरून अत्यंत सभ्यपणे भांडले.

या कळपाचा जीव म्हणजे दोन असील भाऊ. एकाच कोंबडीखाली, एकाच दिवशी निघालेले. सुभेदार त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. थोरले घटकाभर आधी अंड्याबाहेर आले होते, एवढाच फरक. दोन पूर्ण वाढलेले असील नर एका अंगणात मोकळे, हे बघायला घोरपडीकडून आणि सासवडाहून झुंजीचे शौकीन येत, बघत आणि मान हलवून जात. सुभेदार त्यांना एकच गोष्ट सांगत. "हे जन्मापासून एकमेकांच्या नजरेसमोर आहेत, म्हणून भाऊ. यातला एक आठ-दहा दिवस दिसेनासा झाला, की परत येताना तो परका म्हणून येतो. मग दोघांतला एकच उरतो." एकदा थोरल्यांचा डोळा आला तर त्यांना बांधून ठेवावं लागलं. सुभेदारांनी धाकट्यांनाही सोबत डालग्याखाली ठेवलं, डोळा चांगला असताना. धाकट्यांची ती शिक्षा बघून मला हसू आलं होतं. सुभेदारांना आलं नाही.

या दोघांना मरेपर्यंत एका अंगणात नांदवायचं, ही त्या माणसाची एवढी एकच इच्छा राहिली होती. मुलंबाळं नव्हती, मोहिमा संपल्या होत्या. लोक तीर्थयात्रेचं बोलत, हे या दोघांचं.

शिमग्याच्या आधी सरदारांचे कारभारी आले. सरदारांच्या कोथरूडच्या बागेत झुंजी होणार होत्या, दुसरे एक मोठे सरदार आपला नावाजलेला कोंबडा घेऊन येणार होते, आणि त्याच्यासमोर उतरवायला सरकारांना थोरले हवे होते. कारभारी फार गोड बोलणारा माणूस. आजवर कुणावर आवाज चढवला नाही असं त्यांच्याविषयी सांगत, आणि ते खरं असावं, कारण त्यांना तशी गरज पडत नसे.

"दोघांना न्या," सुभेदार म्हणाले.

"झुंज एकाचीच आहे."

"मग एकालाही नेऊ नका."

कारभारी हसले. त्यांनी घराकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. ती जागा सरदारांच्या वडिलांनी सुभेदारांना चाकरीबद्दल राहायला दिली होती, नुसत्या शब्दावर. हे अंगणातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सुभेदारांनी थोरल्यांच्या काट्यांवरच्या चिंध्या सोडल्या आणि त्यांना कारभाऱ्यांच्या माणसाच्या हातात दिलं. त्या दिवशी ते कुणालाच अरेतुरे बोलले नाहीत. कुणाशीच बोलले नाहीत म्हणून.

मग असं झालं, की झुंज झालीच नाही. समोरच्या सरदारांचा नावाजलेला कोंबडा कोथरूडला पोहोचेपर्यंत उन्हानं मेला. थोरल्यांना न लढताच विजयी ठरवण्यात आलं. सरकार खूष झाले. पुढं होळी, धुळवड, रंगपंचमी होईपर्यंत थोरले बागेत पाहुणचार घेत राहिले, बदाम खात राहिले, आणि सगळं उरकल्यावर मानानं घरी निघाले.

भर दुपारी दारात सनई वाजली. कारभारी स्वतः आले होते. मागं एका माणसाच्या हातात थोरले. अंगावर जरीची झूल, पायांत घुंगरू, आणि अत्तराचा असा वास की शास्त्रीबुवा कुंपणाशी येऊन उभे राहिले. बायकोला हे बघून भरून आलं. कुणीही मोहिमेवरून परत आलं की त्याला ओवाळायचं, हे तिच्या हाडात. ती धावत आत गेली, तबक घेऊन आली, आणि मी काही बोलायच्या आत तिनं थोरल्यांच्या तुऱ्याला कुंकू लावून त्यांना ओवाळलंसुद्धा. थोरले बावरून आरवले.

पडद्याआडून धाकट्यांनी उत्तर दिलं.

ते आरवणं रोजचं नव्हतं. ते मलाही कळलं. सुभेदार धावत बाहेर आले, गुडघा विसरून.

"या या, सुभेदार," कारभारी म्हणाले. "सरकारांनी मुद्दाम सांगितलंय, भाऊ भावाला कसा भेटतो ते डोळ्यांनी बघून या. सोडा रे त्यांना."

तोवर धाकटे पडद्याबाहेर आले होते. समोर झूल घातलेला, घुंगरू वाजवणारा, कपाळी लाल, अनोळखी वासाचा कुणीतरी. त्यांच्या मानेची पिसं छत्रीसारखी उभी राहिली. थोरल्यांचीही राहिली. कौतुकानं भेट बघायला जमलेली सगळी माणसं आपापल्या जागी हसत होती.

सुभेदारांनी धाकट्यांना झडप घालून काखेत धरलं. त्यांची चोच सुभेदारांच्या हातात रुतली, रक्त आलं. माझ्या बायकोकडे न बघता ते म्हणाले, "राख आण."

ती तबक तिथंच टाकून पळाली आणि राखेचं घमेलं घेऊन आली. सुभेदारांनी धाकटे माझ्या हातात दिले, थोरले कारभाऱ्यांच्या माणसाकडून ओढून घेतले आणि सरदारांनी घातलेल्या झुलीला हात घातला. मग कारभाऱ्यांचं हसू गेलं.

"सुभेदार, हा सरकारांनी केलेला मान आहे. त्यावर राख घालताय. विचार करून घाला. ही जागा कुणाची, ते आपल्याला सांगायला नको."

सुभेदार थांबले. ते थांबले हे मी पाहिलं, आणि त्यांनी घराकडे पाहिलं हेही पाहिलं. त्या घरात त्यांची बायको नांदली होती, गेली होती. पुण्यात त्यांना दुसरं छप्पर नव्हतं, गुडघा धड नव्हता, वय झालं होतं. मनातल्या मनात मी म्हणालो, जाऊ दे ना, कोंबडाच आहे. तोंडानं म्हणायची छाती झाली नाही.

"मान बाहेर ठीक आहे, कारभारी," ते म्हणाले. "हा घेऊन हे आत गेले तर भाऊ यांचा जीव घेईल."

त्यांनी झूल काढली, घुंगरू तोडले, धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं आणि थोरल्यांना घमेल्यात बुचकळलं. थोरल्यांनी पंख झाडले. कारभाऱ्यांचा पांढरा अंगरखा करडा झाला. सनईवाला मधेच थांबला होता, त्याला वाटलं आता वाजवायचं, त्यानं वाजवली. कारभाऱ्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

कारभारी गेले. सुभेदारांनी धाकटेही माखले, मग आमच्याकडच्या सगळ्या कोंबड्या, आणि बदक. दोघा भावांना त्यांनी संध्याकाळपर्यंत दोन डालग्यांखाली अगदी शेजारीशेजारी ठेवलं, मध्ये नुसत्या बांबूच्या पट्ट्या. दिवेलागणीला दांडीवर शेजारी बसवलं. सकाळी आम्ही सगळे अंगणात उभे होतो, कुंपणापलीकडे शास्त्रीबुवासुद्धा. दोघं खाली उतरले. धाकट्यांनी थोरल्यांकडे बराच वेळ तिरपं पाहिलं. मग पुढं होऊन त्यांच्या मानेवरची राख टिपली. एकदा, दोनदा. थोरल्यांनी मान खाली घातली.

"चला," सुभेदार म्हणाले. "दाणा टाका." आणि तोंड फिरवून विहिरीकडे गेले. तिथं ते बराच वेळ तोंड धूत होते.

घर सोडायचा हुकूम आला तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. आम्हाला राहायची मुभा होती, भाडं आता कारभाऱ्यांकडे द्यायचं. याचं मला मनापासून वाईट वाटलं आणि थोडी लाजही वाटली. वारज्याला मेहुण्याच्या शेतात एक झोपडी होती, ती बायकोनं भावाला सांगून मिळवली. निघायच्या दिवशी मी तिच्या कोंबड्या वेगळ्या काढायला लागलो तर ती माझ्यावरच ओरडली. "कशाला वेगळ्या काढताय? त्यांचा कळप जिथं, तिथं त्या जातील की." सगळं बैलगाडीतून गेलं. बायको महिनाभर रिकाम्या अंगणात सकाळी दाणा टाकायची आणि चिमण्या तो खायच्या.

काही वर्षं गेली. सरदार म्हातारे झाले आणि तीच गोष्ट पाहुण्यांना हसून सांगू लागले. माझ्या झुलीला राख फासणारा माणूस, असं म्हणत म्हणे, कौतुकानं. एक दिवस कारभारी मला फरासखान्यात भेटले. "त्यांना सांगा, एकदा येऊन मुजरा करून जा. अर्ध्या दिवसाचं काम. घर परत त्यांचं. सरकारांचा शब्द आहे."

मी त्याच दिवशी वारज्याला गेलो. पळत गेलो म्हटलं तरी चालेल. सुभेदार बाभळीखाली बाजेवर बसले होते. खूप वाळले होते. बाजेशेजारी एक असील उभा होता, पिसं विरलेला, एक डोळा बंद.

"धाकटे पावसाळ्यात गेले," ते म्हणाले.

"कशानं?"

"म्हातारपणानं." त्यांनी मान वर केली. "असील कोंबडा म्हातारपणानं मेलेला ऐकलायस का कुठं?"

त्यांना फुशारकी मारताना मी तेवढंच ऐकलं. मग मी घराचं सांगितलं. मला वाटलं, आता उठतील आणि पागोटं मागतील.

"अर्धा दिवस?" त्यांनी विचारलं.

"सकाळी निघालो तर दुपारी परत."

"नाही जमायचं." त्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. "यांना आता कुणी ओळखीचं उरलं नाही. नव्या कोंबड्यांवर जातात, आणि यांच्यात आता ताकद नाही, मार खातात. मी समोर बसलो की शांत असतात. मी गेलो आणि परत आलो, तर मलाही परका समजतील."

"अहो, अर्ध्या दिवसात काय विसरतोय कोंबडा?"

"करून बघायची माझी इच्छा नाही," सुभेदार म्हणाले.

मी खूप समजावलं. चिडलो, हात जोडले, तुमच्या बायकोचं घर आहे ते, असंही म्हणालो. ते थोरल्यांच्या पाठीवर बसणाऱ्या माश्या हाकत राहिले. शेवटी म्हणाले, "जेवून जा."

पुण्याला आलो तर कारभारी वाट बघत होते. "काय, कधी येतायत?"

"येणार नाहीत," मी म्हणालो. "घरात एकजण फार म्हातारे झालेत. त्यांना टाकून निघता येत नाही."

कारभारी विचारात पडले. "त्यांचं तर कुणी नव्हतं. कोण, नात्यातलं?"

"होय," मी म्हणालो. "नात्यातलं."